शेअरिंग प्लॅटफॉर्मच्या नियमावलीचा मसुदा: मध्यस्थ कुणाला म्हणायचं आणि जबाबदारी कुठे बांधायची?

अधोरेखा

नमस्कार मंडळी. घर, गाडी आणि सुटी कामं यांची देवाणघेवाण जुळवून देणाऱ्या ऑनलाइन प्लॅटफॉर्मसाठी नमुना नियमावली लिहायचं काम आमच्या अभ्यासगटाने हाती घेतलं आहे. ती कुठल्या एका देशासाठी नाही. ठिकठिकाणी कोणती तरतूद कोर्टात टिकली, कोणती पडली आणि का, हे बघून कलमं बेतायची आहेत. तीन ठिकाणी घोडं अडलंय.

पहिलं म्हणजे व्याख्या. आत्ताच्या मसुद्यात कलम ४ असं आहे: “जो प्लॅटफॉर्म आपल्या अटी व शर्तींमध्ये स्वतःस मध्यस्थ म्हणून घोषित करतो, तो वापरकर्त्यांमधील सेवेबाबत जबाबदार असणार नाही.” यात सगळेच सुटतात हे दिसतंय. पण उलट टोकाला गेलो तर नुसत्या जाहिराती लावणारी साधी साइटही परवान्याच्या जाळ्यात अडकते. रेघ नेमकी कशावरून ओढायची?

दुसरं, घरं. वर्षाला ठरावीक रात्रींची मर्यादा कागदावर सोपी दिसते, पण ती पाळली जाते की नाही हे कळायला डेटा लागतो आणि डेटा मागितला की खासगीपणाचा आक्षेप येतो. यातून मार्ग कसा काढला गेलाय?

तिसरं, काम करणाऱ्यांचा दर्जा. कसोट्यांची यादी द्यावी, की कर्मचारी आहे असं सरळ गृहीत धरावं?

निवाड्यांची नावं आणि वर्षं दिलीत तर फार मदत होईल.

---

परिशिष्ट

कलम ४ दुरुस्त करत बसू नका, काढूनच टाका. प्लॅटफॉर्म स्वतःला काय म्हणवतो यावर त्याचा दर्जा अवलंबून ठेवला, तर अटी लिहिणारा त्याचा वकीलच कायदा ठरवतो. कोर्टं बघतात ती प्रत्यक्षात नियंत्रण कुणाचं आहे हे.

युरोपियन संघाच्या न्यायालयाचे तीन निवाडे शेजारी शेजारी ठेवून वाचा, चित्र स्वच्छ दिसेल. (“सी-” ने सुरू होणारे आकडे हे तिथले खटला क्रमांक.)

२० डिसेंबर २०१७, उबर स्पेन, सी-४३४/१५. बार्सिलोनातल्या टॅक्सी संघटनेची तक्रार होती. व्यावसायिक परवाना नसलेले चालक स्वतःच्या गाडीने प्रवासी नेत होते. कोर्ट म्हणालं, इथली मध्यस्थी ही मुळात वाहतूक सेवेचाच अविभाज्य भाग आहे. का? तर ॲपशिवाय हे चालक त्या बाजारात उतरलेच नसते, भाड्याची निदान कमाल मर्यादा कंपनी ठरवते, पैसे आधी कंपनीकडे जातात आणि मग चालकाला मिळतात, आणि गाडी, चालक व त्याची वागणूक यांवर कंपनीचा अंकुश आहे, इतका की चालकाला बाहेरही काढता येतं. याला त्यांनी निर्णायक प्रभाव म्हटलं.

१९ डिसेंबर २०१९, एअरबीएनबी आयर्लंड, सी-३९०/१८. फ्रान्समध्ये मालमत्ता-दलालांना लागणारं व्यावसायिक ओळखपत्र या कंपनीकडे नाही, म्हणून फौजदारी प्रकरण झालं. कोर्टाने तिला माहिती-समाज सेवा, म्हणजे खरा मध्यस्थ मानलं. भाडं घरमालक ठरवतो, किंमत सुचवणारं साधन ऐच्छिक आहे, आणि थोड्या दिवसांसाठी घर देण्याचे इतर मार्ग आधीपासून आहेत.

३ डिसेंबर २०२०, स्टार टॅक्सी ॲप, सी-६२/१९, बुखारेस्ट. परवानाधारक टॅक्सीचालक मासिक वर्गणी भरतात, ॲप त्यांना प्रवासी दाखवतं. भाडं ॲप ठरवत नाही, वसूल करत नाही, गाडीचा दर्जा तपासत नाही. हाही मध्यस्थ. याच निवाड्यात आणखी एक कामाची गोष्ट आहे: टॅक्सी-डिस्पॅचसाठी, म्हणजे फोन-रेडिओवरून टॅक्सी पाठवणाऱ्या केंद्रांसाठी, केलेल्या जुन्या तांत्रिक अटी, ज्या ॲपच्या तंत्राला लागूच पडत नाहीत, त्या परवान्यासाठी घालता येत नाहीत. जुन्या धंद्याचा नियम उचलून नव्यावर डकवण्याचा मोह होतो, तिथे हा निवाडा आठवा.

आता मसुद्यात काय लिहायचं? माझ्या मते चार प्रश्नांचं एकत्रित वजन बघा. किंमत कोण ठरवतं, कोणता पुरवठादार कोणत्या ग्राहकाला मिळणार हे कोण ठरवतं, सेवा कशी द्यायची याचे नियम कोण घालतं आणि ते मोडल्यास बाहेर कोण काढतं, आणि प्लॅटफॉर्म नसता तर हा पुरवठा बाजारात आला असता का. सगळ्यांत जास्त वजन किमतीला द्या. पैसे कुणाच्या खात्यातून फिरतात हेही बघावं, पण एकट्या त्या मुद्द्यावर रेघ ओढू नका. एअरबीएनबीच्या प्रकरणात पैसे समूहातल्याच कंपनीकडे थांबत होते, तरी ती मध्यस्थच ठरली.

फसण्याची जागा एक आहे, ती कलमातच बुजवा. सुचवलेली किंमत. बटण ऐच्छिक असतं, पण सुचवलेला आकडा न घेणाऱ्याची लिस्टिंग शोधात खाली ढकलली जात असेल, तर ती सूचना राहत नाही. म्हणून असं लिहा: “सुचविलेली किंमत न स्वीकारल्याने क्रमवारी, दृश्यमानता किंवा काम मिळण्याची शक्यता कमी होत असल्यास ती किंमत प्लॅटफॉर्मने निश्चित केली आहे असे मानले जाईल.” आणि क्रमवारीचे मुख्य निकष उघड करायला लावा, नाहीतर हे कलम सिद्धच करता येणार नाही. युरोपियन संघाच्या २०१९/११५० या नियमात ते बंधन आहे, १२ जुलै २०२० पासून लागू.

---

उंबरठा

परिशिष्ट यांच्याशी सहमत. फक्त मध्यस्थ ठरला म्हणजे सगळ्यातून मोकळा झाला असं कुणी समजू नये. परवाना कोणता लागतो हा एक प्रश्न, आणि मध्यस्थावरही कोणती कर्तव्यं टाकता येतात हा दुसरा. घरांच्या बाबतीत सगळी मजा या दुसऱ्या प्रश्नात आहे.

रात्रींची मर्यादा का फसते ते आधी बघू. लंडनमध्ये २०१५ च्या डीरेग्युलेशन ॲक्टपासून कॅलेंडर वर्षात ९० रात्रींपर्यंत परवानगीशिवाय घर देता येतं. मर्यादा घराला आहे. पण प्लॅटफॉर्मला दिसतं ते खातं. घर दोन साइट्सवर टाकलं आणि दोन्हीकडे ९० रात्री मोजल्या, तर १८० रात्री होतात आणि कुणाच्याच पडद्यावर लाल दिवा लागत नाही. तेच घर घरातल्या दुसऱ्याच्या नावाने नव्या खात्यावर टाकलं की मोजणी पुन्हा शून्यापासून. नोंदणी नसेल तर पालिकेला प्रत्येक घराचा माग स्वतः काढावा लागतो.

म्हणून क्रम असा हवा: घराला क्रमांक, क्रमांकाशिवाय बुकिंग नाही, क्रमांकागणिक रात्रींची बेरीज, आणि ती बेरीज प्लॅटफॉर्मने नव्हे तर नोंदणी यंत्रणेने करायची. युरोपियन संघाचा २०२४/१०२८ हा नियम, २० मे २०२६ पासून लागू, याच सांगाड्यावर उभा आहे. जिथे नोंदणी पद्धत आहे तिथे घर देणाऱ्याला ऑनलाइन अर्जावर क्रमांक लगेच, आपोआप मिळतो, तपासणी नंतर. लिस्टिंग दिसण्याआधी क्रमांक भरायची सोय प्लॅटफॉर्मने करायची, अधूनमधून नमुना-तपासणी करायची, आणि दर महिन्याला क्रमांक, पत्ता, लिस्टिंगचा दुवा, रात्री आणि पाहुण्यांची संख्या एकाच डिजिटल खिडकीतून सरकारकडे द्यायची. मागच्या तिमाहीत महिन्याला सरासरी ४,२५० लिस्टिंगपेक्षा कमी असलेल्या छोट्या प्लॅटफॉर्मना तिमाहीतून एकदा दिलं तरी चालतं. किती रात्रींची मर्यादा ठेवायची हे मात्र तो नियम सांगत नाही, ते स्थानिक पातळीवरच.

कर्तव्य कुठे बांधायचं यावर अमेरिकेतले दोन दाखले जरूर वाचा. सँटा मोनिकाने असं म्हटलं की नोंदणी नसलेल्या घराचं बुकिंग पूर्ण करू नका. प्लॅटफॉर्मनी अमेरिकेच्या इंटरनेटविषयक कायद्यातलं कलम २३० पुढे केलं, की वापरकर्त्याने टाकलेल्या मजकुरासाठी आम्हाला जबाबदार धरता येत नाही. मार्च २०१९ मध्ये नवव्या सर्किटच्या फेडरल अपील कोर्टाने हे मानलं नाही, कारण नियम मजकूर तपासायला किंवा काढायला सांगत नव्हता, व्यवहार करू नका इतकंच सांगत होता. त्याच वर्षी जानेवारीत न्यूयॉर्क शहराचा दुसरा नियम अडकला. त्यात सगळ्या यजमानांची माहिती दर महिन्याला घाऊक द्यायला सांगितली होती, कुणावर संशय आहे की नाही हे न बघता. फेडरल कोर्टाने चौथ्या घटनादुरुस्तीच्या (सरकारी झडती-जप्तीपासून संरक्षण) आधारे त्याला अंतरिम मनाई केली. पुढे न्यूयॉर्कने २०२२ चा लोकल लॉ १८ आणला, अंमलबजावणी ५ सप्टेंबर २०२३ पासून: आधी नोंदणी, आणि प्रत्येक बुकिंगआधी शहराच्या यंत्रणेत क्रमांकाची पडताळणी. दोन्ही उदाहरणांचा अर्थ एकच लागतो. नियम मजकुरावर ठेवू नका, पैसे हलतात त्या क्षणावर ठेवा.

आता बारीक गोष्टी, ज्या मसुद्यातून सुटतात आणि मग अंमलबजावणीत छळतात.

क्रमांकाची चौकट मोकळ्या मजकुराची ठेवली की लोक शून्यं भरतात, “लागू नाही” लिहितात, शेजारच्या घराचा क्रमांक टाकतात. क्रमांकात तपास-अंक (बाकीच्या अंकांवरून निघणारा, चुकीचा क्रमांक लगेच पकडणारा अंक) असू द्या आणि पडताळणी यंत्रणेकडून “वैध, या पत्त्याचा” असं उत्तर आल्याशिवाय पुढचं पान उघडू नये. नुसतं “वैध” पुरत नाही, पत्ता जुळलाच पाहिजे.

रात्री मोजायच्या त्या मुक्कामाच्या तारखेने, बुकिंगच्या तारखेने नाही. रद्द झालेलं बुकिंग वजा करा. वर्षाच्या शेवटी सुरू होऊन नव्या वर्षात संपणारा मुक्काम दोन वर्षांत तोडून मोजा. मर्यादा संपल्यावर आधीच घेतलेल्या बुकिंगचं काय, हे स्पष्ट लिहा. नाहीतर पाहुणा दारात उभा आणि क्रमांक निलंबित, अशी वेळ येते. साधा उपाय म्हणजे घेतलेल्या पण अजून न झालेल्या रात्रीही बेरजेत धरायच्या, म्हणजे मर्यादा बुकिंग घेतानाच अडवते.

परवानगीची पद्धतच बेकायदा आहे असा युक्तिवाद होईल. त्याला उत्तर २२ सप्टेंबर २०२० च्या कॅली अपार्टमेंट्स निवाड्यात आहे. पॅरिसच्या संदर्भात कोर्टाने मान्य केलं की घरांची टंचाई हे पूर्वपरवानगी लावायला पुरेसं सार्वजनिक कारण आहे. पण नियम टंचाई असलेल्या भागापुरता आणि प्रमाणात हवा. त्यामुळे मसुद्यात “संपूर्ण क्षेत्रात” असं सरसकट लिहू नका. कुठल्या आकडेवारीवरून भाग निवडला ते जोडपत्रात द्या.

---

मैलाचा दगड

वरच्यात एक भर. स्थानिक किंवा देशपातळीवरचा नियम दुसऱ्या देशात नोंदलेल्या प्लॅटफॉर्मवर लादताना युरोपात दोन सापळे आहेत. एक, युरोपियन आयोगाला आधी कळवलं नाही तर नियम त्या प्लॅटफॉर्मविरुद्ध वापरता येत नाही. एअरबीएनबी आयर्लंड प्रकरणात फ्रान्सची बाजू पडायला हेही एक कारण होतं. दोन, ३० मे २०२४ चे सी-६६२/२२ आणि त्याच्या जोडीचे निवाडे. इटलीने ऑनलाइन सेवांवर नोंदवही, वार्षिक आर्थिक अहवाल आणि वर्गणी लावली होती. मूळ देशाच्या तत्त्वाला (कंपनी ज्या सदस्य देशात स्थापन झाली त्याचेच नियम तिला लागतात) धरून कोर्टाने ती इतर सदस्य देशांतल्या कंपन्यांना लावू दिली नाही. करांच्या बाबतीत मात्र हे कवच चालत नाही. २७ एप्रिल २०२२ च्या ब्रुसेल्स प्रकरणात पर्यटन-करासाठी माहिती मागणं वैध ठरलं, आणि २२ डिसेंबर २०२२ च्या सी-८३/२१ मध्ये इटलीने भाड्यातून कर कापून भरायला लावणंही वैध ठरलं. त्या देशात कर-प्रतिनिधी नेमण्याची सक्ती तेवढी पडली.

आणि ग्राहकाला काय दिसतं यावर एक पोटकलम हवंच. युरोपच्या डिजिटल सर्व्हिसेस ॲक्टच्या कलम ६(३) चा आधार घ्या: सेवा प्लॅटफॉर्म स्वतः किंवा त्याच्या हाताखालचं कुणी देतंय असा सर्वसाधारण ग्राहकाचा समज होईल अशी मांडणी असेल, तर ग्राहक-संरक्षण कायद्यापुरतं मध्यस्थाचं संरक्षण जातं. पावतीवर प्लॅटफॉर्मचंच नाव आणि पुरवठादाराचं नाव कुठेच नाही, हे याचं सर्वांत सोपं चिन्ह.

---

हजेरीपट

तिसऱ्या प्रश्नाकडे वळतो. कसोट्यांची बंद यादी देऊ नका. यादी दिली की करार त्या यादीच्या विरुद्ध लिहिले जातात.

ब्रिटनमधला पुरावा बघा. १९ फेब्रुवारी २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने उबरच्या चालकांना वर्कर (कर्मचारी आणि स्वयंरोजगारी यांच्या मधला, किमान वेतनाचा हक्क असलेला दर्जा) मानलं. कारणं पाच: भाडं कंपनी ठरवते, कराराच्या अटी कंपनी लादते, लॉग-इन असताना फेऱ्या नाकारल्या तर कंपनी लक्ष ठेवून दंड करते, रेटिंगमधून कामाच्या पद्धतीवर ताबा ठेवते, आणि चालक-प्रवासी यांचा थेट संबंध होऊ देत नाही. कोर्टाने मुद्दाम सांगितलं की सुरुवात लेखी करारापासून करायची नाही, कारण ज्या संरक्षणासाठी कायदा आहे ते करारानेच काढून घेता येईल. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने घरपोच जेवण देणाऱ्या डिलिव्हरूच्या रायडरांना सामूहिक सौदेबाजीच्या हक्कापुरतं कामगार मानायला नकार दिला. वजन पडलं ते एका कलमावर: स्वतःच्या जागी दुसऱ्याला पाठवण्याची मोकळीक, जी खरोखर दिलेली होती. एक कलम बदललं आणि निकाल फिरला. यादीची मर्यादा इथे कळते.

युरोपियन आयोगाच्या डिसेंबर २०२१ च्या प्रस्तावात पाच निकष होते, त्यांतले दोन भरले की कर्मचारी असल्याचं गृहीतक लागू. वाटाघाटींत ते निकष गळले. शेवटी मंजूर झालेल्या २०२४/२८३१ या निर्देशात नियंत्रण आणि निर्देशन दाखवणारी तथ्यं दिसली की गृहीतक लागतं, आणि ते खोडण्याची जबाबदारी प्लॅटफॉर्मवर. सदस्य देशांना २ डिसेंबर २०२६ पर्यंतची मुदत आहे. तुमच्या मसुद्यासाठी मी हाच साचा घेईन: पुराव्याचा बोजा उलटा, कारण अल्गोरिदम कुणाच्या ताब्यात आहे? ज्याच्याकडे नोंदी आहेत त्यानेच सिद्ध करावं हे न्यायाला धरून आहे.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे कामाचा वेळ कसा मोजणार ते. यावर मसुदे गप्प असतात आणि सगळा पैसा तिथेच आहे. ब्रिटिश निवाड्यात चालक आपल्या परवाना-क्षेत्रात, लॉग-इन आणि फेरी घ्यायला तयार असेल तो सगळा वेळ कामाचा. कॅलिफोर्नियात २०२० च्या जनमताने आलेल्या, ॲप-चालकांना स्वतंत्र कंत्राटदार ठरवणाऱ्या प्रॉप २२ मध्ये, जे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२४ ला कायम ठेवलं, फेरी स्वीकारल्यापासून संपेपर्यंतचाच वेळ धरतात, आणि त्याला किमान वेतनाच्या १२० टक्के. आकड्यात बघा. किमान वेतन तासाला १०० धरा. ८ तास लॉग-इन, त्यातले ५ तास फेऱ्यांत. पहिल्या पद्धतीने ८०० होतात. दुसऱ्या पद्धतीने १२० गुणिले ५, म्हणजे ६००. वाहनखर्चाची तरतूद दोन्हीकडे बाजूला ठेवून. टक्केवारी वाढवलेली दिसते आणि हातात कमी पडतं. जितकी माणसं जास्त भरती कराल तितका रिकामा वेळ वाढतो आणि दुसऱ्या पद्धतीत त्याचा खर्च प्लॅटफॉर्मला शून्य येतो.

एकाच वेळी दोन ॲप्स चालू असतील तर वाट बघण्याचा वेळ दोनदा मोजला जाईल ही हरकत येते, आणि ती रास्त आहे. उपाय कठीण नाही: वाट बघण्याचा वेळ त्या तासात घेतलेल्या कामांच्या प्रमाणात वाटून द्या, प्रत्यक्ष कामाचा वेळ ज्याचा त्याच्याकडे.

खातं बंद करण्यावर स्वतंत्र कलम करा. वर म्हटलेल्या निर्देशात खातं निलंबित किंवा बंद करण्याचा निर्णय माणसानेच घ्यायचा आहे, कारण लेखी द्यायचं आहे, आणि फेरविचाराच्या अर्जाला दोन आठवड्यांच्या आत उत्तर द्यायचं आहे. “अटींचा भंग झाला” हे कारण नव्हे. कोणती फेरी, कोणती तारीख, कोणती अट, हे त्या पत्रात हवं. मसुद्यात एवढे तीन शब्द घातलेत तरी निम्मी भांडणं तिथल्या तिथे मिटतील.

---

परिशिष्ट

हजेरीपट यांनी सांगितलेल्यात तिसरी वाटही नोंदवून ठेवा: दर्जाचा वाद न सोडवताच कर्तव्य लावणं. भारताच्या २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गिग कामगाराची व्याख्याच पारंपरिक मालक-नोकर संबंधाच्या बाहेरची आहे, आणि ॲग्रिगेटरने (ग्राहक आणि सेवा देणारा यांना जोडणाऱ्या प्लॅटफॉर्मने) वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के निधीत भरायचे, कामगारांना दिलेल्या रकमेच्या ५ टक्क्यांच्या मर्यादेत. वाहतुकीतही २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्तीने ॲग्रिगेटरची व्याख्या करून थेट परवाना लावला, मध्यस्थ की वाहतूकदार यात न शिरता. फायदा असा की खटला संपेपर्यंत कामगार थांबून राहत नाही. तोटा म्हणजे रजा, किमान वेतन, बडतर्फीपासून संरक्षण यांतलं काहीच त्यातून आपोआप येत नाही. म्हणून ही वाट गृहीतकाच्या जागी नव्हे, जोडीला ठेवावी.

---

अधोरेखा

अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त मिळालं, मनापासून आभार. कलम ४ काढलं. दोन शंका उरल्या. गाडीतली रिकामी जागा खर्च वाटून घेऊन देणारा, आणि फेऱ्या मारून कमावणारा, यांना वेगळं कसं करायचं? आणि अगदी छोट्या, हौशी प्लॅटफॉर्मवर हे सगळं ओझं टाकायचं का?

---

मैलाचा दगड

खर्च-वाटपाची कसोटी दोन पायांवर उभी करा. प्रवास चालकाच्या स्वतःच्या कामासाठी होतोय का, आणि त्याला नफा होतोय का. दोन्हींचं उत्तर तपासता येईल असं लिहा.

नफ्यासाठी सूत्र द्या. इंधन, टोल, पार्किंग आणि ठरवून दिलेला प्रति किलोमीटर झीज-दर, एवढाच खर्च. भागाकार चालकासह करायचा, चालकाने स्वतःचा वाटा उचललाच पाहिजे. खर्च १,२०० आणि गाडीत चालकासह चौघांची जागा देऊ केली असेल तर एका जागेला ३००, तिघांकडून मिळून फार तर ९००. भागाकार देऊ केलेल्या जागांनी करा, भरलेल्या जागांनी नको. भरलेल्या धरल्या तर एक प्रवासी गळाला की उरलेल्यांचं भाडं ऐनवेळी वाढतं. प्लॅटफॉर्मचं शुल्क या मर्यादेबाहेर वेगळं दाखवायचं, चालकाच्या वाट्यात मिसळायचं नाही.

स्वतःचा प्रवास आहे का, हे सांगणारी खूण म्हणजे मार्ग कुणी ठरवला. चालकाने तारीख, वेळ आणि मार्ग आधी टाकला आणि प्रवासी त्यात सामील झाला, तर वाटप. प्रवाशाने ठिकाण टाकलं आणि चालक तिकडे वळला, तर फेरी. सोबत दिवसाच्या फेऱ्यांना एक मर्यादा ठेवा, कारण एकाच मार्गावर दिवसभर ये-जा करणारा स्वतःच्या कामाला जात नसतो.

विमा विसरू नका. खासगी गाडीच्या पॉलिसीत भाड्याने प्रवासी नेण्याला सर्रास अपवाद असतो. सूत्राच्या आत राहिलेलं वाटप हे भाडं नव्हे, असं कायद्यातच लिहा, म्हणजे अपघातानंतर विमा कंपनीला दावा फेटाळायला जागा राहणार नाही. हे लिहिलं नाही तर जखमी प्रवासी मधल्यामध्ये लटकतो. फेऱ्यांसाठी तीन टप्प्यांचं कवच हवं: ॲप चालू पण काम नाही, काम स्वीकारलं आणि प्रवाशाकडे निघाला, प्रवासी गाडीत. पहिल्या टप्प्यात सगळ्यांत जास्त फट राहते.

---

उंबरठा

छोट्यांसाठी सूट द्या, पण कशातून ते नीट निवडा. डिजिटल सर्व्हिसेस ॲक्टमध्ये व्यापाऱ्याची ओळख पटवण्याचं कर्तव्य सूक्ष्म आणि लघु उद्योगांना लागत नाही. करासाठीच्या २०२१/५१४ या निर्देशात सूट विक्रेत्याच्या बाजूने आहे: वर्षात ३० पेक्षा कमी विक्री आणि २,००० युरोपर्यंतची रक्कम असलेल्या वस्तू-विक्रेत्याची माहिती कळवावी लागत नाही. घरभाडं, वाहनभाडं आणि वैयक्तिक सेवा यांना ही सूट नाही, हे बरेच जण विसरतात. अहवाल पुढच्या वर्षाच्या ३१ जानेवारीपर्यंत.

माझं मत असं: अहवाल, लेखापरीक्षण, डेटाची वारंवारता यांत छोट्यांना सवलत द्या. क्रमांक तपासण्यात, विम्यात आणि खातं बंद करताना कारण देण्यात देऊ नका. छोट्या साइटवरून मिळालेलं घर पेटलं तर ते कमी पेटत नाही. आणि मोठ्यांनी हाकललेले सगळे सूट असलेल्या साइटवर जाऊन बसतात.

शेवटचा मुद्दा अंमलात आणण्याच्या क्रमाचा, तो अंतिम कलमात घाला. आधी नोंदणी यंत्रणा आणि तिची पडताळणी-जोडणी चालू झाल्याची अधिसूचना. त्यानंतर घर देणाऱ्यांना नोंदणीसाठी सहा महिने. मग प्लॅटफॉर्मवर क्रमांकाशिवाय नवीन लिस्टिंग बंद, त्यानंतर तीन महिन्यांनी जुन्यांचं बुकिंग बंद, आणि दंड त्याही नंतर. सगळं एका तारखेला लागू केलं तर अर्जांचा ढीग पडतो, क्रमांक मिळत नाहीत, आणि पहिला खटला असा उभा राहतो की जे पाळणंच शक्य नव्हतं त्यासाठी दंड कसा. त्यात कोर्ट सरकारच्या बाजूने उभं राहणं अवघड. यंत्रणा मधेच बंद पडली तर काय, हेही लिहा: पडताळणीचं उत्तर ठरावीक वेळात आलं नाही तर बुकिंग तात्पुरतं स्वीकारायचं, आणि चोवीस तासांत पुन्हा तपासायचं.